पट्टीत काय होतं

अण्णा स्क्रीनकडे कधी बघत नसत. स्क्रीन बघणाऱ्याच्या तोंडाकडे बघत. गिऱ्हाईक आपली नवी वेबसाइट पाहायला ऑफिसात आलं, की आम्ही सगळे त्याच्या पाठीमागे उभे राहून आपापल्या चुका सापडू नयेत म्हणून देवाचं नाव घेत असू. अण्णा मात्र कॉम्प्युटरच्या पलीकडे खुर्ची उलटी करून, तिच्या पाठीवर हनुवटी टेकवून बसलेले. तिथून त्यांना स्क्रीनवरचं एक अक्षर दिसत नसे. समोरच्याची भुवई कधी वर गेली, हात खिशातल्या फोनकडे कधी वळला, एवढंच ते टिपत. गिऱ्हाईक जिना उतरून गेलं की मला म्हणत, "शुभदा, फॉर्म भरून झाल्यावर कंटाळला बघ तो. तिथे काहीतरी हलायला हवं."

हे हलणारं काहीतरी म्हणजे पट्टी. तुम्ही एखादा अर्ज भरता, बटण दाबता, आणि मग एक बारीक रेघ डावीकडून उजवीकडे भरत जाते, शेजारी टक्के वाढत जातात, ती. बाहेरच्या जगात तिला प्रोग्रेस बार म्हणतात. आमच्या ऑफिसात ती पट्टीच होती, आणि अख्ख्या पनवेलमध्ये अण्णांसारखी पट्टी कोणाला जमत नाही असं आमचं ठाम मत होतं. खरं तर पनवेलमध्ये दुसरं कोणी पट्ट्यांच्या नादाला लागलेलंच नव्हतं, पण तेवढा तपशील आम्ही कोणाला सांगत नसू.

ऑफिस म्हणजे उरण नाक्याजवळ चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मी डिप्लोमा करून तिथे लागले तेव्हा आमच्या बाबांना वाटत होतं की खाडी ओलांडून मोठ्या शहरात जाऊन करतात तीच खरी नोकरी. अण्णा स्वतः खाडीपलीकडची मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून परत आलेले, आणि हे ऑफिस त्यांनीच काढलेलं. मूळचे शिरढोणचे, तिथून रोज स्कूटरवर येत. हेल्मेट डोक्यावर कमी आणि कोपरावर जास्त. ती नोकरी का सोडली असं विचारलं तर सांगत, "तिथे माझं काम वापरणारा माणूस मला कधी दिसलाच नाही. इथे खाली उतरलं की भेटतो, शिव्या देतो, चहा पाजतो."

पट्टीचा वेग ठरवायची त्यांची एक पद्धत होती. टायमर लावायचा, आणि मग सापडेल त्याला स्क्रीनसमोर बसवायचं. चहावाला, खालचे चष्मेवाले, कधी डबा द्यायला आलेल्या काकू, म्हणजे त्यांची बायको. "बस जरा, ही पट्टी भरेपर्यंत बघ," म्हणायचे आणि पलीकडे जाऊन तोंड न्याहाळायचे. मग येऊन आकडे बदलायचे. सुरुवात जोरात, म्हणजे माणसाला वाटतं आपलं काम धरलं. मधला भाग निवांत. शेवट पुन्हा जोरात, म्हणजे तो खूश होऊन उठतो. आणि बहात्तर टक्क्यांवर पट्टी किंचित अडखळायची, दम खाल्ल्यासारखी, आणि मग पुढे जायची. ही त्यांची खास खुबी. "एकसारखी पळणारी पट्टी खोटी वाटते गं. मध्ये अडखळली पाहिजे. अडखळली की माणसाचा विश्वास बसतो." बहात्तरच का, तर सत्तरवर अडखळली की मुद्दाम केल्यासारखी दिसते म्हणून.

वाचणाऱ्याला वाटेल, काम किती झालं ते पट्टीला कळत नाही का? बहुतेक वेळा नाही कळत. अर्ज जिथे जायचा ते मशीन, म्हणजे सर्व्हर, एकदम शेवटी सांगतो, पोहोचलं किंवा नाही पोहोचलं. मधल्या वेळात तो गप्प. तेवढा वेळ माणसाला धरून ठेवायला पट्टी घड्याळावर चालवायची, ही आमच्या धंद्यातली सर्रास रीत आहे. पण अण्णांचा एक नियम होता. नव्वदला पट्टी थांबलीच पाहिजे, आणि सर्व्हरचं "पोहोचलं" आल्याशिवाय पुढे हलता कामा नये. "नव्वदपर्यंत आपलं राज्य, पुढचं त्याचं." या नियमाचा त्यांना अभिमान होता. आपण थोडी फसवणूक करतो, पण शेवटचा शब्द आपला नसतो, असं त्यांचं गणित.

संसारही त्यांनी असाच चालवला होता. कोणाचाही फोन आला की "होतंय, होतंय" हे पहिले दोन शब्द. काम सुरू झालेलं असो नसो. घरी निघताना काकूंना "पळस्पे फाट्याला आलो" असं सांगायचे ते आमच्याच जिन्यात उभे राहून. काकू जाणून होत्या. त्या मला म्हणाल्या होत्या, "फाट्याला आलो म्हणाले की मी तांदूळ धुवायला घेते, बरोबर वेळेत होतो भात." लोक त्यांच्यावर चिडत नसत, कारण "होतंय" ते अशा आवाजात म्हणायचे की ऐकणाऱ्याच्या जिवाला खरंच बरं वाटायचं. मलाही वाटायचं.

माझ्या बाबांचं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा अण्णा दिवसभर माझ्या आईजवळ बसून होते. आई बाकावर नुसती हात चोळत होती. अण्णा अधूनमधून उठायचे, कॉरिडॉरच्या टोकाला जायचे, परत येऊन सांगायचे, "आता मुख्य काम झालं." मग थोड्या वेळाने, "जरा वेळ लागतोय, पण काळजीचं नाही." मग, "टाके घालतायत." आई प्रत्येक वेळी थोडी थोडी सैल होत गेली, शेवटी चक्क त्यांच्या डब्यातली पोळी खाल्ली तिने. बाबा सुखरूप बाहेर आले. पुढे कधीतरी मी विचारलं की तुम्हाला आतली बातमी कोण देत होतं. अण्णा हसले. "कोण देणार? मी पाण्याच्या कूलरपर्यंत जाऊन येत होतो. तुझ्या आईच्या तोंडाकडे बघवत नव्हतं." आई अजूनही म्हणते की त्या दिवशी अण्णांनी तिला वाचवलं. मी तिला कूलरचं सांगितलेलं नाही.

मग नर्सिंगच्या संस्थेचं काम आलं. तालुक्यातली एक खाजगी संस्था, प्रवेशाचे अर्ज त्या वर्षीपासून फक्त वेबसाइटवर. दाखले, गुणपत्रिका, सगळं स्कॅन करून जोडायचं. गावाकडे नेट कधी असतं, कधी नसतं, त्यामुळे आमची पट्टी नव्वदला जाऊन तिथे उभी राहायची. पोरी घाबरून संस्थेत फोन करायच्या. संस्थेचे कार्यालयीन अधीक्षक वैतागून अण्णांकडे आले. त्यांचं म्हणणं, ही अडकलेली पट्टी बघून मुली रडकुंडीला येतात, आमचा फोन खाली ठेवता येत नाही, तुम्ही ती सरळ भरून टाका, अर्ज काय, मागाहून जातोच.

अण्णांनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. थकलेला, घामाघूम माणूस. त्याला बरं वाटावं असं त्यांना वाटलं, मला दुसरं कारण दिसत नाही. त्यांनी नव्वदचा नियम काढला. पट्टी आता घड्याळावर थेट शंभरला जायची, शेवटी हिरवी बरोबरची खूण यायची, खाली "आपला अर्ज पोहोचला आहे. धन्यवाद." मी विचारलं, आणि नाही पोहोचला तर? अण्णा म्हणाले, "अगं, जातोच. एखादा अडकला तर संस्था फोन करेल." जो अर्ज पोहोचलाच नाही त्याच्यासाठी संस्था कोणाला फोन करणार, हे त्या क्षणी त्या खोलीत कोणाच्याच डोक्यात आलं नाही. मी माझं काम पुढे सुरू केलं. फोन खरंच कमी झाले. अधीक्षकांनी पेढे पाठवले.

प्रवेशाची यादी लागल्यावर काही दिवसांनी दुपारी दोघीजणी जिना चढून आल्या. आई आणि मुलगी, करंजाच्या. आई बंदरावर मासळीच्या लिलावात उभी राहणारी बाई, आवाज मोकळा. मुलगी दर्शना, बारावी झालेली, तिला नर्स व्हायचं होतं आणि त्यासाठी लागतील तेवढे गुण तिला होते. तिचं नाव यादीत नव्हतं. संस्थेत विचारलं तर तुझा अर्जच आला नाही म्हणाले. जास्त वाद झाला तेव्हा वेबसाइटवाल्यांना विचारा म्हणून त्यांना आमचा पत्ता दिला. दर्शनाने फोन पुढे केला. त्यात लॅपटॉपच्या स्क्रीनचा फोटो होता. पट्टी शंभर टक्के, हिरवी खूण, धन्यवाद. कोपऱ्यात त्या खुणेकडे दाखवणारं आईचं बोट आलं होतं.

मला अजून आठवतं, त्या दिवशी अण्णांनी पहिल्यांदा तोंडाकडे बघितलं नाही. फोन हातात घेऊन ते स्क्रीनकडेच बघत राहिले. आमच्यातला एकजण पटकन म्हणाला की तुमचं नेट गेलं असणार. खरंही होतं ते, नेटच गेलं होतं. अण्णांनी हात वर करून त्याला गप्प केलं आणि दोघींना बसायला सांगितलं. आई बसली नाही.

"साहेब, पट्टी पुरी भरलेली हाय का नाय?" तिने विचारलं.

"आहे."

"मंग आमचा अर्ज तिकडं कसा नाय? त्या पट्टीत काय व्हतं?"

अण्णांना पळायला वाटा पुष्कळ होत्या. सर्व्हर, नेट, तांत्रिक अडचण, यातला कुठलाही शब्द त्या बाईंच्या तोंडावर टाकता आला असता आणि त्या मुकाट जिना उतरल्या असत्या. अण्णा म्हणाले, "वेळ होता, मावशी. नुसता वेळ. मी ठरवून दिलेला. तुमचा अर्ज त्यात नव्हता."

बाई चिडल्या नाहीत, त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. "मंग ती भरत काय व्हती?"

अण्णांनी फोन दर्शनाच्या हातात परत दिला. पंखा फिरत होता, खाली कोणीतरी चष्म्याच्या काचेचा नंबर मोठ्याने सांगत होतं. मग दर्शना बोलली, आणि ती रडत नव्हती हे जास्त वाईट होतं. "नाही गेला असं दाखवलं असतं तर मी परत भरला असता. तेव्हा मुदतीला चार दिवस बाकी होते. उरणला जाऊन भरला असता, इथे पनवेलला आले असते. मी ते चार दिवस घरी बसून होते, झालं म्हणून."

त्या गेल्यावर अण्णांनी सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. अर्धवट तुटलेले अर्ज आणखीही होते. ते एकेकीला फोन करत सुटले. मी शेजारच्या खोलीत होते, दार उघडं होतं. प्रत्येक फोनवर तेच, माझं नाव अमुक, तुम्हाला अर्ज पोहोचल्याचं दिसलं ते खोटं होतं, चूक माझी आहे. काहीजणींनी दुसरीकडे प्रवेश घेतला होता, त्या बिचाऱ्या म्हणाल्या असू दे. एकीच्या भावाने अशा शिव्या दिल्या की फोनमधून मला ऐकू आल्या. अण्णा "हो" म्हणत ऐकत होते. "होतंय" हा शब्द त्या दिवसापासून मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही.

संस्थेत जाऊन त्यांनी एक जागा वाढवून मिळते का विचारलं. जागा वाढत नसतात. उलट संस्थेने आमचं कामच काढून घेतलं. हे सांगायला अण्णा करंजाला निघाले तेव्हा, बाईमाणूस बरोबर असावं म्हणून, मला घेऊन गेले. मला मुळीच जायचं नव्हतं. फोनवर सांगून टाका, असं मी दोनदा म्हणून बघितलं. स्कूटरवर मागे बसून मला सारखं वाटत होतं की रस्ता संपू नये. दर्शनाची आई बंदरामागच्या मोकळ्या जागेत मासळी वाळत घालत होती. तिने आम्हाला बघितलं, पण हात थांबवला नाही. अण्णा उन्हात उभे राहून बोलले. जागा नाही मिळाली, मुलीचं वर्ष माझ्यामुळे गेलं. ती बाई "बरं" म्हणाली आणि पुढच्या ओळीकडे वळली. तिने आरडाओरडा केला असता तर आम्हाला परत फिरणं सोपं गेलं असतं. दर्शना घरातून बाहेर आली, तिने एवढंच विचारलं, "पुढच्या वर्षी अर्ज कागदावर देता येईल का?"

परतीच्या वाटेवर अण्णांनी मध्येच स्कूटर थांबवली आणि रस्त्याच्या कडेला नुसते उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. साठीला आलेल्या माणसाचे कान शरमेने असे लाल होतात हे मी तोवर पाहिलं नव्हतं. मी पाण्याची बाटली पुढे केली ती त्यांना दिसली नाही. "कागद हवाय तिला," ते म्हणाले. "वीस वर्षं मी हेच काम करतोय, आणि तिला कागद हवाय." पुढच्या वर्षी दर्शनाला अलिबागकडे प्रवेश मिळाला असं आम्हाला कळलं. मी ही बातमी उड्या मारत त्यांना सांगितली. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "एक वर्ष उशिरा." बस्स.

त्यानंतर अण्णांच्या पट्ट्या खऱ्या झाल्या. खऱ्या म्हणजे किती कुरूप, हे ज्यांनी बघितलंय त्यांनाच कळेल. जेवढं काम प्रत्यक्ष पुढे गेलं असेल तेवढीच पट्टी हलायची. सुरुवातीला बराच वेळ मेल्यासारखी पडून राहायची, मग एकदम उडी, मग पुन्हा ठप्प. नाही गेलं तर लाल अक्षरांत सरळ "तुमचा अर्ज पोहोचलेला नाही. पुन्हा पाठवा." नेऱ्याला फार्महाऊस भाड्याने देणारे एक गिऱ्हाईक होते, ते नवी पट्टी बघून म्हणाले, "अण्णा, ही आजारी आहे का?" अण्णा म्हणाले, "खरी आहे." "मग जुनी खोटी द्या," ते म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर हसले. अण्णा हसले नाहीत. ते गिऱ्हाईक गेलं. आणखीही गेले. अण्णा पूर्वीसारखे कॉम्प्युटरच्या पलीकडे बसायचे खरे, पण आता समोरच्याचं तोंड वैतागलेलं दिसलं तरी आकडे बदलत नसत. घरीसुद्धा "अजून निघालो नाही" असं खरं सांगू लागले, तेव्हा काकूंची पंचाईत झाली. त्यांना भाताची वेळ कळेना.

गिऱ्हाइकं घटून ऑफिसच्या दोन खोल्यांची एक झाली तेव्हा मी निघाले. मला खाडीपलीकडे नोकरी मिळाली होती, बाबा धन्य झाले. अण्णा मला सोडायला जिन्याच्या खालपर्यंत आले, माझ्या नव्या कंपनीची काचेची इमारत फोनवर बघून "वा" म्हणाले, आणि मग उगाच चष्मेवाल्यांशी बोलत उभे राहिले. नव्या जागी पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे एक पट्टी आली. विम्याचे दावे भरण्याच्या पानावरची. मी काही विचार न करता सुरुवात जोरात ठेवली, मधला भाग निवांत, बहात्तरवर अडखळणं. टीममधल्या सगळ्यांनी वाखाणली. नव्वदचा नियम घातला नाही, कारण मागितला नव्हता. घरी येताना मला अण्णांना फोन करावासा वाटला नाही.

मग गेल्या वर्षी काकूंचा फोन आला. अण्णा पनवेलच्याच एका हॉस्पिटलात होते. स्वादुपिंडाचं दुखणं, कळेपर्यंत उशीर झालेला. दुपारी मी पोहोचले तर काकूंनी मला खोलीच्या बाहेरच गाठलं. डॉक्टरांनी काय ते स्पष्ट सांगितलं होतं, महिने नाहीत, फार तर थोडे आठवडे. अण्णांना काही सांगितलेलं नव्हतं. त्यांची मुलगी मीरा जर्मनीत, तिलाही "बाबांना बरं नाही" इतकंच. काकूंनी माझा हात घट्ट धरला. त्या म्हणाल्या, तुझ्यावर त्यांचा विश्वास आहे, तू सांगितलंस तर मानतील. मला माझी आई आठवली, बाकावरची, आणि पाण्याचा कूलर आठवला. मी म्हटलं, सांगते.

अण्णा उशीला टेकून बसले होते. इतके वाळले होते की हाताचं घड्याळ कोपरापर्यंत वर जात होतं. मी स्टूल ओढून बसले आणि चांगल्या आवाजात सुरू केलं. रिपोर्ट पाहिले, पूर्वीपेक्षा बरे आहेत. औषध लागू पडतंय. डॉक्टर म्हणतात मध्ये एखाद-दोन दिवस जरा जड जातील, तेव्हा घाबरायचं नाही, पण एकूण गाडी रुळावर आहे. बोलताना मला माझंच कौतुक वाटत होतं, किती सहज जमतंय म्हणून. अण्णा ऐकत होते. शेजारच्या मॉनिटरवर हिरवे आकडे बदलत होते, तिकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

माझं बोलणं संपल्यावर ते हळूच म्हणाले, "अडखळणंसुद्धा घातलंस."

माझे कान तापले. अण्णांच्या आवाजात राग नव्हता, थट्टाही नव्हती. शिकवलेलं बरोबर आलं की मास्तर ज्या आवाजात बोलतो तो होता, आणि म्हणूनच मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं. त्यांनी माझ्या मनगटावर बोटं ठेवली. "शुभदा, पट्टीत काय आहे?"

मी सांगितलं. दारात काकू उभ्या होत्या, त्यांच्याकडे न बघता सांगितलं. किती दिवस, काय होणार, काय होणार नाही. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मीराला फोन लाव. आत्ता. तिला सुट्टी काढायची, तिकीट बघायचं, किती कामं असतात. ती तिकडे घरी बसून राहील ना, झालं म्हणून." दर्शनाचेच शब्द होते ते. इतक्या वर्षांत त्यांनी ते जसेच्या तसे सांभाळून ठेवले होते.

मीरा आली. बापलेकीला बोलायला पुरेसे दिवस मिळाले. काकू पहिले दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी त्यांनी मला डब्यातला भात वाढला. अण्णा गेले तेव्हा मीरा त्यांच्या उशाशी होती आणि मी ऑफिसात. शेवटच्या भेटीत त्यांनी मला विचारलं होतं, हल्ली काय करतेस. मी म्हटलं, विम्याचंच काम. त्यांनी पुढे विचारलं नाही, पण माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि त्यांना जे दिसायचं ते दिसलं असणार.

दिवसकार्य झाल्यावर मी कामावर गेले आणि साहेबांना म्हटलं की आपली पट्टी खोटी आहे, बदलायला हवी, निदान नव्वदला थांबवायला हवी. ते म्हणाले, लोकांना आवडते, तक्रार नाही, कशाला हात लावायचा. मी एकदा बोलले, दुसऱ्यांदा बोलले, तिसऱ्यांदा बोलले नाही. घराचे हप्ते आहेत, मुलगा दहावीला आहे, सांगायला कारणं पुष्कळ आहेत. आजही कोणीतरी कुठेतरी आपल्या माणसाच्या हॉस्पिटलची बिलं जोडून बटण दाबतं आणि माझी पट्टी भरायला लागते. नवीन मुलं कौतुकाने मला ती चालवून दाखवतात, बहात्तरवर ती थोडी अडखळते, आणि तेवढ्यात मी काहीतरी काम काढून उठते. मी स्क्रीनकडे बघत नाही, आणि बघणाऱ्याच्या तोंडाकडेही.